गुर्जीच्या पोरीची हजेरी

मी पांढुर्ण्याला बी.एड. करते. सराव पाठासाठी आम्हाला शाळेवर पाठवतात, तेव्हा हजेरी घेताना एखादं पोर मलूल दिसलं की मी आधी त्याच्या कपाळाला हात लावते आणि अंग गरम लागलं तर सरळ घरी फोन करायला लावते. सोबतच्या मुली मला डॉक्टरीणबाई म्हणतात. म्हणू देत. खरं कारण सांगायची मला लाज वाटते, आणि ती लाज माझी एकटीची असती तर केव्हाच सांगून मोकळी झाले असते.

माझे बाबा मोहगावच्या पुढच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे गुरुजी होते. कापसाचा वेचा सुरू झाला की त्यांचा वर्ग ओस पडायचा. मोठी पोरं वावरात आणि त्यांच्याहून लहान असत ती घरी पाळण्याजवळ. बाबा रोज सकाळी मोटारसायकल काढून घरोघर फिरायचे आणि मागे मला बसवायचे. कापडवाला गिऱ्हाइकापुढे ठाण उलगडतो तसं ते मला दारोदार दाखवत. "हे पहा, माझी पोरगी चालली. तुमची काहून नाही?" लोकही वस्ताद. मी एखादे दिवशी मागे दिसले नाही की विचारायचे, "गुर्जी, आज पोरगी कुठं लपवली?" गावात बाबांच्या शब्दाला जे काही वजन होतं ते माझ्या हजेरीवर उभं होतं. चौथीतल्या मुलीलाही एवढं कळतं. मला त्याचा रागही यायचा आणि थोडा तोराही.

अशाच वेच्याच्या दिवसांत एका सकाळी उठले तर अंगात ताप होता आणि कानाखाली ठणकत होतं. चहात बुडवलेली पोळीसुद्धा चावेना. आरशात पाहिलं तर डावा गाल टम्म फुगलेला. आईनं पाहताक्षणी गालफुगी म्हटलं, सहाणेवर गेरू उगाळला आणि गालावर जाड लेप थापला.

"सूज उतरेपर्यंत घरीच राहू द्या तिले," ती बाबांना म्हणाली.

"आज हिले घरी ठेवली, तर उद्या कोणाच्या दारात उभा राहू मी? लोकं म्हणतीन, गुर्जीचीच पोरगी घरी बसून राहिली."

"लोकं म्हणतीन म्हणून तापातल्या पोरीले नेता का?"

बाबांनी ओल्या फडक्यानं माझा गेरू पुसला. पुसताना हात फार हलका होता, हेही सांगायला हवं. मग स्वतःचा मफलर माझ्या डोक्यावरून हनुवटीखाली गुंडाळला आणि आम्ही निघालो.

गावाबाहेरच्या संत्र्याच्या बगीच्यात एक बाई राखणीला राहायची. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती आणि तीन-चार दिवस शाळेत आली नव्हती. बाई कमरेला वेचणीचं फडकं बांधून निघायच्या बेतात होती. पोरगी दारात धाकट्या भावाला घेऊन बसलेली.

"वेचा संपेपर्यंत राहू द्या, गुर्जी," बाई म्हणाली. "पोरगी लहान्याले पाहते, मंग मी वावरात जातो."

बाबांनी बरंच समजावलं. बाई मान हलवत होती आणि जागची हलत नव्हती. तेव्हा त्यांनी मला खाली उतरायला सांगितलं आणि माझा मफलर खाली ओढला.

"पहा. अंगात ताप आहे, गाल सुजला, तरी चालली शाळेत. एका दिवसाचा खाडा नाही. अन् तुमची धडधाकट पोरगी घरी?"

बाईनं माझ्याकडे पाहिलं. तिचा हात माझ्या गालापर्यंत आला आणि तिथंच थांबला. त्या क्षणी मला इतकं लाजल्यासारखं झालं की जमीन दुभंगावी. दुखण्याची लाज नव्हती ती. मला असं उघडं करून दाखवल्याची होती. बाईनं लहान्याला कडेवर घेतलं आणि पोरीला वेणी घालायला बसवलं. पोरगी माझ्यामागे बसली. रस्ता खडबडीत, म्हणून तिनं मला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.

दोनेक आठवडे गेले आणि वर्गातले गाल एकामागून एक फुगू लागले. उपकेंद्रातल्या नर्सबाई आल्या. गालफुगीचं पोर सूज आल्यापासून पाच दिवस तरी घरी ठेवायचं असतं, एवढं कसं कळलं नाही, म्हणून त्या तापल्या. "पहिले कोणाले झाली?" त्यांनी विचारलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी बाबांकडे पाहिलं. ते कोराच फळा पुसत होते.

दुसऱ्या दिवसापासून बाबा पुन्हा घरोघर फिरू लागले. गाल दुखत असला, ताप असला तर पोराला पाठवू नका, म्हणून सांगत. लोक हसायचे. "तुमची नाही का आली तापात? आमचीच काय साखरेची आहेत?" बाबा यावर खाली पाहायचे आणि पुढच्या दाराकडे वळायचे.

बगीच्यापर्यंत ते पोचायच्या आधीच ती बाई शाळेत आली. प्रार्थना होऊन गेली होती. पोरगी तिच्या खांद्यावर होती, डोळे मिटलेले, दोन्ही गाल सुजलेले. एवढ्या मोठ्या मुलीला ती बगीच्यातून उचलून घेऊन आली होती.

"हजेरी लावा, गुर्जी. रात्रभर तापली, पण खाडा नाही पडू दिला."

"घरी न्या हिले," बाबा म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "माझं चुकलं, बाई."

तिला वाटलं, उशीर झाला म्हणून ते रागावले. "नाही जी, माझंच चुकलं. लहान्याले शेजारी ठेवता ठेवता उशीर झाला. उद्यापासून प्रार्थनेच्या आधी आणतो. नाव नका कापू तिचं."

बाबा पुन्हा तेच म्हणाले. बाईनं ते ऐकलंच नाही. ती वर्गात शिरली, पोरीला खांद्यावरून उतरवून माझ्या शेजारी टेकवलं आणि मला म्हणाली, "थोडी सरक, बाई." मी सरकले.