अक्काला मध्ये बसवलं

हैदराबादहून आलेल्या संशोधक बाईंची पद्धत मला पहिल्याच दिवशी पटली. दारोदार प्रश्न विचारायचे नाहीत. आठ-दहा बायका एकत्र बसवायच्या, विषय काढायचा आणि त्यांचं त्यांना बोलू द्यायचं. बाईंना उर्दू येई, मराठी नाही. मी तालुक्याच्या शाळेत शिक्षिका, म्हणून बायका जमवणं आणि बोलणं टिपून घेणं माझ्याकडे आलं.

खजुरी गावाच्या पलीकडच्या एका गावात विषय बाळंतपणाचा होता. त्या भागात सरकार एकच नर्स ठेवणार होतं. कुठल्या गावात, ते या बैठकांवरून ठरायचं होतं.

गावच्या म्हाताऱ्या सुईणीला सगळे अक्का म्हणत. मानाच्या बाईला सोडून बायका जमवायच्या, हे आमच्या रीतीत बसत नाही. मी आधी तिलाच बोलावलं आणि मध्ये घोंगडीवर बसवलं.

"इथं नर्स पायजे का?" मी विचारलं.

"कामून पायजे?" एक सासू म्हणाली. "अर्धं गाव अक्काच्या हातावर जन्मलंय."

अक्कानं मला न्याहाळलं. "तुमचं लगीन झालंय का, बाई?"

"न्हाई."

"मग तुमाला काय कळायलंय यातलं?"

सगळ्या हसल्या. मीही हसले.

कडेला एक गरोदर सून बसली होती. तिची दोन बाळं जन्मतानाच गेली होती, हे शेजारणीनं मला आधी सांगितलं होतं. मी तिलाही नर्सचं विचारलं. तिनं अक्काकडे पाहिलं. "अक्का हायत की," म्हणाली. मी लिहिलं : सर्वांचं एकमत, गरज नाही.

निघताना ती सून पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी आली. "नर्स आली तर बरं व्हईल, बाई. तेवढं लिवा."

बैठकीबाहेरचं टिपायचं नाही, असा नियम होता. "बघते," म्हणाले आणि वही पिशवीतच राहू दिली.

नर्स दुसऱ्या गावाला गेली. ती सून दोन दिवस अडली आणि बाळासकट गेली. नर्स असती तर वाचली असती, असं मी म्हणत नाही. ते कुणालाच ठाऊक नाही. तिनं सांगितलं होतं आणि मी लिहिलं नाही, एवढं मला ठाऊक आहे.

पुढच्या गावांत मी सुनांना वेगळं बसवू लागले. सुईणीचा मान राहावा म्हणून तिला आदल्या दिवशी घरी जाऊन भेटायचे. सुना भरभरून बोलत. संशोधक बाईंनी या युक्तीचं कौतुक केलं, कशी सुचली म्हणून विचारलं. मी त्यांना सांगितलं नाही.