कुंकू लावलेली करवत

सॉफ्टवेअर इंजिनिअरनं विजेच्या करवतीला हात लावू नये, असा सिंगापुरात कायदा नाही. बाकी सगळ्याला आहे!

करवत घेतली ती सासऱ्यांमुळे. अप्पांचं सारं आयुष्य कारखान्यात गेलेलं. “जावईबापूंना बटणं दाबण्यापलीकडे काही येत नाही,” असं त्यांनी आमच्या लग्नातच जाहीर केलं होतं (माइकवर!). आता दिवाळीला ते पुण्याहून घरचे देव घेऊन येणार होते आणि देवांसाठी फळी मी स्वतः कापून बसवणार, असं मी फोनवर सांगून बसलो होतो. खंडेनवमीला करवतीची यथासांग पूजाही केली होती.

अप्पांचं विमान चारला. अकराला मी आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये करवत सुरू केली. ती किंचाळली, फळी काळी पडली, धूर निघाला. कापलं मात्र काहीच नाही!

मी अनुभवी माणूस. बंद करून पुन्हा चालू केली. तोच धूर! मग अंगातला सगळा जोर लावून दाबली, तर घरातली वीजच गेली.

तांजोंग पगार भागात नोकरी करणाऱ्या माझ्या मित्राला, कुलकर्ण्याला, व्हिडिओ कॉल लावला.

“रूट कॉज शोध,” तो गंभीरपणे म्हणाला. “लाकूड कम्पॅटिबल आहे ना?”

“लाकूडच खराब आहे!” मी बायकोला ठणकावून सांगितलं.

“लाकूड?” मधुरा एवढंच म्हणाली आणि खिडक्या उघडायला गेली.

“बाबा, जस्ट बाय वन लाह!” लेकीनं सुचवलं.

समोरच्या चिनी आंटीनं दारातून डोकावून विचारलं, “वा, बार्बेक्यू आह?”

मेन स्विच पुन्हा चालू करून मी दिवसभर नेटानं धूर काढत राहिलो. संध्याकाळी अप्पा आले ते थेट धुरात. बॅग खाली ठेवली, चष्मा लावला.

“पातं उलटं बसवलंय. कुणी?”

“अहो अप्पा, मीच पूजेसाठी काढलं होतं. एका बाजूला छापील बाण होता, म्हणून कोऱ्या बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. मग ते आतल्या बाजूला कसं ठेवायचं? बाहेर दिसेल असं बसवलं.”

“आणि बाण?”

“तो... आत गेला.”

“पातं कुठल्या दिशेनं फिरतं, ते सांगायला असतो तो!”

अस्सं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! अप्पांनी पातं सुलट बसवलं, दहा मिनिटांत फळी कापून बसवली आणि देव मांडले. वर हसलेसुद्धा नाहीत, हे जास्त लागलं.

पुढच्या खंडेनवमीला मी करवतीच्या वाटेला गेलो नाही. आपलं खरं हत्यार म्हणून लॅपटॉप पूजेला ठेवला आणि त्याच्यावर मनोभावे चिमूटभर कुंकू वाहिलं. ते बटणांच्या फटींत गेलं. आता मला बटणंही दाबता येत नाहीत, हे अप्पांना अजून कळवलेलं नाही!