चूक कोडची, नाव पवनीच्या नेटचं

मंडळी, आज डोकं जाम सटकलंय.

मी पवनीत घरून पुण्याच्या कंपनीचं काम करते. सकाळी आमचं ॲप बंद पडलं. टीम लीड सगळ्यांच्या कॉलवर म्हणाला, "गावाकडचं नेट! हिचंच काम अर्धवट अपलोड झालं असणार." सगळे हसले.

मी कोड उघडला. क्लाउडवरचा ट्रॅफिक, म्हणजे ॲप वापरणाऱ्यांची ये-जा, कोणत्या सर्व्हरकडे वळवायचा, ते त्यात लिहिलेलं असतं. आमचा कोड फंक्शनल पद्धतीचा. त्यात जुनी सेटिंग बदलत नाही. बदल केलेली नवी प्रत तयार होते, आणि ती पुढे पाठवावी लागते. टीम लीड साहेबांनी नव्या सर्व्हरचा पत्ता टाकून नवी प्रत बनवली, आणि पुढे पाठवली जुनीच! सगळा ट्रॅफिक बंद केलेल्या जुन्या सर्व्हरवर आदळत होता.

मी एक ओळ दुरुस्त केली. ॲप सुरू झालं. पवनीच्याच नेटवरून!

मग त्याचा मेसेज आला, फक्त मला. "सॉरी यार, चूक माझीच होती."

मी फोन आपटला. आई आतून म्हणाली, "काहून वं, कोनावर चिडून राहिली?" सगळं सांगितलं, तर म्हणते, "बोल्ला सगळ्याइसमोर, अन् माफी कोपऱ्यात मांगते?"

म्हणजे त्यानं तीच चूक पुन्हा केली. दुरुस्त प्रत माझ्या इनबॉक्समध्ये पडून आहे, आणि टीमच्या ग्रुपमध्ये जुनीच फिरतेय.

त्या मेसेजचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू का? लवकर सांगा, बोट बटणावरच आहे.