भरावातला शिंपला

आमच्या घरात एक रीत आहे. अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, कुठलंही पत्रक छापखान्यात जाण्याआधी ओट्यावर मोठ्याने वाचलं जातं. ऐकणाऱ्यांपैकी कोणीही, अगदी शेंबडं पोरसुद्धा, मध्येच विचारू शकतं, "कशावरून?" ज्या वाक्याला उत्तर देता येत नाही ते खोडायचं. मग ते कितीही देखणं असो.

मी अक्षरं शिकले ती अप्पांच्या उरलेल्या पत्रकांवर. गुलाबी, पिवळा, पोपटी असा स्वस्तातला पातळ कागद. 'समता' हा शब्द मला 'कमळ'च्या आधी वाचता येत होता. अप्पा पोलादपूरच्या बाजूला शाळेत शिकवायचे आणि सुट्टीत पत्रकं लिहायचे. मग त्यांना काचबिंदू झाला, नजर गेल्यातच जमा झाली आणि लिहिणं थांबलं. कित्येक वर्षांत ओट्यावर कोणी "कशावरून" म्हटलं नव्हतं.

ते पुन्हा सुरू झालं एका शिंपल्यामुळे.

वस्तीत विहाराशेजारी वाचनालय बांधायचं ठरलं होतं. पाया आम्हीच खणत होतो. सगळ्यात जोरात पहार चालायची ती माझ्या काकीची. एका सकाळी ती ओरडली, "इकडं ये गो! ह्यो बघ, दगडात पंखा हाय."

खरंच पंखा होता. तळहाताएवढा, पिवळट पांढरा. खालच्या टोकापासून वरच्या कडेपर्यंत उभ्या धारा पसरलेल्या, आणि टोकाच्या दोन्ही बाजूंना दोन चपटे कान. मागची बाजू त्याच रंगाच्या दगडात रुतलेली. उचलला तर शिंपल्याच्या मानाने भलताच जड.

अप्पांनी तो हातात घेतला आणि अंगठा एकेका धारेवरून फिरवला. मग म्हणाले, "इथं समुद्र होता."

त्याच दुपारी त्यांनी मला कागद घ्यायला लावला. पायाभरणीच्या दिवशी वाटायचं पत्रक. त्यातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे: "माणसाने माणसाला पाणवठा नाकारला त्याच्या कितीतरी आधी या जागेवर अथांग पाणी होतं, आणि ते कोणाच्याही मालकीचं नव्हतं."

महाडात राहून असं वाक्य ऐकल्यावर अंगावर काटा येतो. काकीने तर ते वस्तीभर सांगितलं. अप्पांचा आवाज पुन्हा वर्गात शिकवतानाचा झाला होता. शनिवारी ओट्यावर वाचन ठरलं. माझ्याकडे एकच काम होतं, शिंपल्याचं नाव आणि वय शोधून वाक्यात बसवायचं.

आधी बाजारात जाऊन खाडीच्या तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, घेतल्या आणि शेजारी ठेवून पाहिल्या. तिसरीला कान नाहीत, तिचं टरफल पातळ आणि आतून चकचकीत. आमच्या पंख्याला चकाकी नव्हती. आतली पोकळी दगडाने भरलेली होती. म्हणजे तो नुसता जुना नव्हता. जीवाश्म होता. पुस्तकांतली चित्रं चाळून मी 'स्कॅलप' या नावापर्यंत पोचले, ते कानांमुळे. वाचता वाचता मी हरखून गेले. हा प्राणी इतर शिंपल्यांसारखा चिखलात पडून राहत नाही. दोन्ही झाकणं उघडमीट करत, टाळ्या वाजवल्यासारखा पोहतो. आणि त्याच्या काठाने ओळीने बारीक डोळे असतात! ज्याला आपण ताटात वाढायची वस्तू समजतो तो डोळे उघडे ठेवून पोहत असतो, हे मला कोणी आधी का सांगितलं नव्हतं?

वय विचारायला मी महाडच्या कॉलेजात भूगोलाच्या मॅडमकडे गेले. त्यांनी भिंगातून पाहिलं.

"स्कॅलपच आहे. छान जपलाय. कुठं मिळाला?"

"आमच्या वाचनालयाच्या पायात."

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "शक्य नाही. आपला कातळ लाव्ह्याचा आहे. लाव्ह्यात समुद्राचा शिंपला कुठून येणार?"

"खाडी जवळच आहे की. समुद्र आत आला असेल."

"मग तो गाळात सुटा मिळाला असता. हा चुनखडीत घट्ट बसलाय. घरी जाऊन लिंबू पिळून बघ, चुनखडीला फेस येतो. किती खोल होता?"

"गुडघाभर."

"आणि वरती काय होतं?"

"भराव," मी म्हणाले, आणि माझं मलाच ऐकू आलं.

नेमकी जात आणि वय, दगड कुठल्या खाणीतला ते कळल्याशिवाय सांगता येणार नाही, एवढं त्या म्हणाल्या. घरी येऊन मी पाया खणताना निघालेल्या काळ्या दगडावर लिंबू पिळलं. काही नाही. शिंपल्याखालचा दगड जरा खरवडून पिळलं, तर बारीक बुडबुडे आले.

काकीचा मुलगा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, केमिकलच्या कारखान्यात आहे. रविवार सोडला तर एरवी तो फोनही उचलत नाही, पण त्या दिवशी उचलला.

"पांढरे दगड? आमच्याकडं येतात ना ट्रकनं, गुजरातवरनं. सांडपाण्यातलं ॲसिड मारायला. आणि तुमचा भराव आमच्याच गेटच्या मागनं उचललेला. फ्री होता म्हणून तेव्हा नाचत होते सगळे!"

आम्ही नाचलोच होतो. पुराचं पाणी चढतं म्हणून जागा उंच करायची होती, आणि डंपर फुकट आला होता. कोणी विचारलं नाही की त्यात काय आहे. कशावरून, कोणाचं, कुठलं, काही नाही. दुसऱ्याच्या वाक्यांना रोखणारे आम्ही, अख्खा डंपर न विचारता पायाखाली ओतून घेतला! मला राग आला, पण आधी शनिवार होता.

ओट्यावर दहाबारा माणसं बसली होती. अप्पांनी पत्रक पाठ केलेलं, मी फक्त कागद धरला होता. ते वाक्य आलं. समोर सगळे मान डोलावायला लागले.

"कशावरून?" मी म्हणाले.

"कोण?"

"मी, अप्पा."

"अगं बाय," काकी म्हणाली, "पोरीला शिकवली ती हेच्यासाठी काय? लिहिलंस पण तूच ना?"

मी सगळं सांगितलं. लाव्हा, चुनखडी, डंपर. समुद्र होता, पण दुसरीकडे कुठेतरी. अप्पा मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, पुन्हा कधी लिहिणार नाहीत. म्हणून मी टाळ्या वाजवत पोहण्याचंही सांगितलं, आणि काठावरच्या डोळ्यांचंही.

"किती असतात डोळे?" अप्पांनी विचारलं.

"पुष्कळ."

"एकदोन उसने देतो का विचार त्याला." ओट्यावर हशा पिकला. अप्पा नाही हसले. "खोड ते वाक्य."

मी खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं.

मग ते सांगायला लागले, "आता लिही. आमच्या पायाखाली कारखान्याच्या मागची माती आहे. तिच्यातून एक शिंपला निघाला. आणखी काय काय आहे, हे तपासून आम्हाला सांगितलं गेलं पाहिजे. पाया त्यानंतर भरू."

"म्हंजे पायाभरणी पुढं?" काकीचा आवाज चढला. इतके दिवस तिने पहार चालवली होती. "आणि कारखान्याची माती कशावरून? भराव टाकला तवा मी हिथं उभी होते, मला नाय दिसला शिंपला."

"बरोबर," अप्पा म्हणाले. "विचारलंच पाहिजेस."

मी आत जाऊन लिंबू आणलं आणि काकीच्या हातात दिलं. एका बाजूला पायातला काळा दगड ठेवला, दुसऱ्या बाजूला शिंपला. तिने आधी काळ्यावर पिळलं. दगड तसाच. मग शिंपल्याखाली खरवडलेल्या जागी पिळलं, आणि सगळी डोकी एकदम खाली वाकली.

"ह्या मातीतला नाय ह्यो," काकी हळूच म्हणाली. "पोरगा खरंच बोलला तर."

"फेस येतोय?" अप्पांनी विचारलं.

"येतोय."

"सरका जरा," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी शिंपल्याजवळ कान नेला.