चौकीदारबाबांचा आकडा

“थे पोरगी वर काय पाहून राह्यली? वर काय ठेवलं हाय?”

मी आभाळाकडे बघत उभी आहे असं आमच्या शिपायाने सांगितलं, तेव्हा वडाळीच्या तलावाचे चौकीदारबाबा हे त्याला विचारत होते, मला नाही. मी दहा पावलांवर बांधावर उभी राहून मान दुखेपर्यंत आभाळात घार शोधत होते. शिपाई म्हणाला, साहेबांची मुलगी आहे, नागपूरच्या कॉन्व्हेंटात शिकलीय, तिला पाखरं बघायचा नाद आहे. “मंग पान्याकडे पाहा म्हना तिले,” बाबा म्हणाले.

मी पाण्याकडे पाहिलं. कपाळावर पांढरा टिळा असलेली काळी पाणपाखरं, ज्यांना ते चांदवे म्हणत, मघापर्यंत विखरून चरत होती. ती एकाएकी कलकलाट करत एकमेकांना चिकटली. थोड्या वेळाने पाणकणसांवरून एक तपकिरी ससाणा तरंगत आला. बाबांनी तेव्हाही मान वर केली नाही. तलावावरचा कुठलाही शिकारी पक्षी त्यांना असाच कळायचा, खालच्या पाखरांच्या गडबडीवरून.

साठ-एकसष्ट साल असेल. अप्पा अमरावतीत पाणीपुरवठ्याचे इंजिनियर होते आणि मी शाळा संपवून घरी आले होते. मराठी बोलताना अडखळायचे, चुलत बहिणी हसायच्या, म्हणून मी बोलायचंच सोडलं होतं. सकाळी अप्पांची जीप मला तलावावर सोडायची. बाबांच्या खोलीपुढच्या ओट्यावर आम्ही तासन्‌तास पाखरांचे आवाज ऐकत बसायचो. मधूनच ते विचारायचे, “आयकून राह्यली ना?” मी मान हलवायचे. ते पुन्हा विचारायचे. तोंडाने ‘हो’ म्हणेपर्यंत त्यांचं समाधान होत नसे. मला वाटायचं, एवढ्या प्रेमाने कुणी मला बोलतं करत नाही. आई मात्र म्हणे, साहेबांच्या मुलीला हा माणूस अगंतुगं कसा करतो?

हिवाळ्यात एक मोठी मच्छीमार घार यायची. पाय पुढे करून धप्पकन पाण्यावर पडायची आणि हातभर मासा घेऊन जायची. बाबा स्वतः पूर्वी पट्टीचे मासे धरणारे. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतले आणि गळाची काठी मोडून चुलीत घातली. घार मासे मारते त्याचा राग येत नाही का, असं मी एकदा जुळवून जुळवून विचारलं. “तिले कोनं दीक्षा देल्ली?” ते म्हणाले आणि बराच वेळ एकटेच हसत राहिले.

बांधाजवळ पाण्यात फूट-इंचांच्या खुणा केलेला खांब होता. सायकलवरून शिपाई येऊन बाबा सांगतील तो पाण्याचा आकडा वहीत उतरवून नेई. तो यायच्या आधी बाबा मला म्हणायचे, “खांबावर किती हाय सांग. पाहू तुही इंग्रजी शाळा.” मी इंग्रजीत सांगितलं की मराठीत म्हणायला लावायचे. सात फूट चार इंच. “बराबर,” ते मान डोलावून म्हणायचे, जणू त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं. घरात माझं मराठी कधीच बरोबर नसायचं. त्या एका शब्दासाठी मी पहाटे उठून तयार राहत असे.

उन्हाळा लागताना मी दहा दिवस अकोल्याला मावशीकडे गेले. परतल्यावर दुसऱ्याच सकाळी अप्पा माझ्याबरोबर तलावावर आले. त्यांच्या हातात वही होती. मधल्या दिवसांत शहराला जास्त पाणी सोडलं होतं आणि तलाव चांगला फूटभर उतरला होता. वहीतला आकडा मात्र रोज अर्धा इंच असा शहाण्यासारखा उतरत होता.

अप्पांनी आवाज न चढवता विचारलं, खांबापर्यंत गेला तरी होतात का? बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

“आळस झाला जी साहेब. गेलो नाई मी खांबापाशी.”

दिवस उगवायच्या आत सबंध बांध चालून येणारा माणूस हे सांगत होता. आणि सांगताना तो अप्पांकडे नाही, त्यांच्या शेजारच्या जीपच्या दाराकडे तोंड करून उभा होता.

मला एकदम सगळं कळलं आणि त्याच क्षणी काहीच कळेनासं झालं. मला बोलतं केलं ते कशासाठी? मान हलवलेली दिसत नव्हती म्हणून? त्यांनी मला मराठी शिकवलं की माझे डोळे वापरले? माझ्या आधी आकडा कोण सांगत होतं? आळशी माणसाला रागावून ठेवून घेतात, आंधळ्याला ठेवत नाहीत, हा त्यांचा हिशेब मला फार पुढे सुचला. पण त्या सकाळी तो हिशेब चुकला. अप्पा म्हणाले, उद्या दुसरा माणूस येईल, खोली रिकामी करा.

पुढे अप्पांनीच त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. एका डोळ्याला थोडा फरक पडला म्हणे. नोकरी काही राहिली नाही. ते वलगावला मुलीकडे गेले आणि चार वर्षांनी तिथेच वारले. वलगाव किती लांब? तरी मी गेले नाही. ते मला काय म्हणतील याची भीती होती, की काहीच म्हणणार नाहीत याची, हे मला अजून सांगता येत नाही. त्यांचं गुपित फोडायचा मला हक्क होता का? गप्प राहिले असते तर खोटा आळस कपाळी घेऊन ते गेले असते. तेच त्यांना हवं होतं का? आजही एखाद्या तलावाकाठी बसले की मी आधी डोळे मिटून पाखरांचा आवाज ऐकते, आणि हे प्रश्न तिथे येतात.

त्या सकाळी अप्पांनी वही मिटली आणि ते जीपकडे वळले. बाबा टोपी हातात धरून तसेच उभे होते. त्यांनी माझ्या दिशेने अगदी हलकेच मान हलवली, नको म्हणाल्यासारखी. मी ती पाहिली.

“अप्पा, थांबा,” मी म्हणाले. “आळस नाही. त्यांना दिसत नाही. रोजचा आकडा मी सांगत होते.”