दाराला टेकवलेली गिटार

मामा बोटीवर होता. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास एका फेरीहून परतताना त्याने कुठल्याशा बंदरात जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि आमच्या वालावलच्या घरी आणून ठेवली. सोबत आवाज मोठा करणारा डबाही होता. गावात वीज नव्हती. चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय. मामा पुन्हा बोटीवर गेला आणि गिटार माझ्या गळ्यात पडली. मी मॅट्रिक होऊन रिकामा बसलेलो.

ही गिटार भरीव लाकडाची असते. विजेशिवाय वाजवली तर डासाएवढा आवाज. पण माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधलं दार फणसाचं होतं, आणि गिटारीचं टोक त्याला टेकवलं की अख्खं दार गुणगुणायचं. मी दाराशी पाट घेऊन बसायचो आणि उजवा हात हवेत धरून तारा बडवायचो. आवाज हवा तर हाणायचं, एवढंच मला कळत होतं. वडील शाळामास्तर. ते म्हणायचे, "वाजवतोस की भात झोडतोस?" कुडाळला काकांचं किराणा दुकान होतं, दिवाळीनंतर मी तिथे बसायचं असं घरात ठरल्यासारखंच होतं. डाळ-तांदूळ तोलत जन्म काढायची माझी तयारी नव्हती.

सावंतवाडीत गोव्याकडचा एक बँडमास्तर होता. लग्नं, क्लब, गोव्यातले नाच यांसाठी त्याला गिटार वाजवणारा हवा होता. पावसाळा सरता सरता मी त्याच्याकडे गेलो. त्याने गिटार डब्याला जोडली, डबा विजेला. मी नेहमीसारखा हात हाणला आणि खोलीभर नुसता गोंगाट. छेडली ती तार वाजलीच, न छेडलेल्याही घोंघावत राहिल्या. दाराने झाकलेल्या माझ्या साऱ्या चुका विजेने चव्हाट्यावर मांडल्या.

"तुजो हात खंय आसा रे? वाऱ्यार?" असं म्हणत बँडमास्तरांनी माझं मनगट धरलं आणि तळव्याची करंगळीकडची कड घोडीवर टेकवली, म्हणजे तारा जिच्यावरून जातात त्या पट्टीवर. हात तिथे नुसता विसावायचा. हलायचं ते मनगटाने आणि तार छेडायची नखी धरलेल्या बोटांनी. जरा पुढे सरकला तर सूर मरतो, मागे राहिला तर जाड तारा गुणगुणत राहतात. हात बसला की दिवाळीच्या आधी ये, लग्नसराईला घेतो, म्हणाले. अर्धवट हात घेऊन मात्र येऊ नको, पुन्हा परत पाठवला तर कायमचा.

पंचाईत ही, की हात बसला हे घरी कळणार कसं? जाड तारांची ती गुणगुण विजेशिवाय इतकी बारीक, की वाजवणाऱ्याला ऐकूच येत नाही. दाराला आपणच कान लावावा तर हात जागचा हलतो. शेवटी आईला दारापलीकडे बसवलं. नारळ कानाशी हलवून आतलं पाणी सांगणारी बाई ती. दाराला कान चिकटवून ती तांदूळ निवडायची. मी तार छेडून थांबवायचो, मागे गुणगुण उरली का ते ती ऐकायची आणि पलीकडून यायचं, "वाजता हा." मी हात केसभर सरकवायचो. "अजून वाजता."

हळूहळू मनगटाचा ताठा गेला. हात आपला आपण घोडीवर जाऊन बसू लागला. मला वाटायचं, जमलं. पण पलीकडून उत्तर तेच. दिवाळी तोंडावर आली तरी तेच. माझा हातावरचा विश्वास उडाला, तिच्या कानावरचा नाही. पणत्या लागल्या, विझल्या, फराळाचे डबे रिकामे झाले. मग एका सकाळी, काय व्हायचं ते होवो म्हणत, मी चिडून सावंतवाडी गाठली.

मास्तरांनी वाजवायला सांगितलं. मी जाड तार छेडली, थांबवली. खोली गप्प. त्यांनी माझ्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"हात बरो बसला. कितें करतालो तूं इतले दीस?"

मग म्हणाले, जागा भरली. दिवाळीच्या आधीच म्हापशाचा एक पोरगा घेतला.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई चुलीपाशी होती. मी सांगितलं, हात बसलेला होता, जागा गेली. तिने फुंकणी खाली ठेवली.

"आवाज कधीचो बंद झालेलो," ती म्हणाली. "मीच वाजता म्हणान सांगत रवलंय. तू गेल्यार परत येवचंस नाय, माका म्हायत होता."

ती गप्प राहिली असती तर मला जन्मात कळलं नसतं. तिचा कान चुकला असेल, असं म्हणून मी विषय सोडला असता. मला तिचा भयंकर राग आला. तिची कीवही आली, आणि कीव आली याचा आणखी राग आला. त्या दिवशी मी जेवलो नाही, तीही जेवली नाही.

सोमवारी मी काकांच्या दुकानात जाऊन बसलो, आणि आई होती तोवर रोज संध्याकाळी घरी परत येत राहिलो.