तोंडात सीताफळाच्या बिया

मुलांनो, आमच्या फळवाल्या खालांना गप्प बसवील असा माणूस अख्ख्या परळीत नाही, हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगत असे. माझ्या पडवीत दुपारी आया आणि मुलं एकत्र शिकायला बसतात, ती माणसं खालांनीच जमवली. वीज केंद्राच्या राखेच्या विटा पाडायला बिहारहून आलेल्या घरांत त्या न विचारता शिरायच्या, चुलीवरचं पातेलं उतरवायच्या आणि बाईला हाताला धरून आणायच्या. "भात कच्चा राहिला तर उद्या पुना शिजंल. पोरगी कच्ची राहिली तर?" एवढं करून वर्गात मी त्यांतल्याच एकीला, सोनीच्या आईला, काही विचारलं, की उत्तर खालाच देत.

म्हणूनच शाळेचा निरोप आला तेव्हा मी धास्तावले. सोनीचं मराठी कच्चं, घरी अभ्यास घेणारं कुणी नाही, म्हणून तिला चौथीतून दुसरीत बसवणार होते. आईला काही सांगायचं असेल तर तिनं स्वतः येऊन सांगावं. सोनीच्या आईने तीन वाक्यं आठवडाभर घोकली. खालांना मी बजावलं, "तुम्ही एक शब्द बोलायचा नाही."

"मला जमंल का, बाई?" त्या काळजीने म्हणाल्या. शाळेच्या फाटकाशी त्यांनी पिशवीतून मोठं सीताफळ काढलं. "गर खाते, बिया तोंडातच ठेवते. सायबाच्या खोलीत थुकणार कुठं?"

सोनी आईला खेटून उभी होती. मुख्याध्यापकांनी आईला नेमकं न घोकलेलं विचारलं, "घरी हिचा अभ्यास कोण घेतं?"

सोनीच्या आईचे ओठ हलले, शब्द फुटेना. शेजारच्या वर्गात पाढे चालले होते. सातचा संपून आठचा सुरू झाला. मुख्याध्यापकांनी पेनाचं टोपण काढलं. गाल फुगवून खाला माझ्याकडे डोळे वटारत होत्या. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि खरं सांगते, आता मीच बोलणार होते.

"मी घेते," सोनीची आई म्हणाली. "अन् माझा अभ्यास सोनी घेते."

मुख्याध्यापक मायलेकींकडे पाहत राहिले. मग त्यांनी टोपण परत लावलं. "बसू द्या चौथीत."

फाटकाबाहेर खालांनी बिया ओंजळीत थुंकल्या. "दोन गिळल्या, बाई. हिनं आनखी जरा येळ लावला असता तर पोटात झाड आलं असतं."

हल्ली खाला वर्गात मागे भिंतीला टेकून बसतात. मी विचारते, सोनीची आई सावकाश उत्तर शोधते, आणि खाला थांबतात, तोंडात काहीही नसताना. मी मात्र सवयीने अजून त्यांच्याकडेच पाहते, एखाद्या दिवशी तरी मध्ये बोलतील म्हणून.